टेकडीमागचं तळं

दिंडोशीच्या आमच्या कॉलनीत एका काकांचं झेरॉक्सचं दुकान आहे. कागद मशीनमध्ये सरकवता सरकवता ते टेकडीमागच्या जुन्या दगडी तळ्याबद्दल सांगायचे. पायरीवरची झिजलेली मूर्ती हवेत बोटाने काढून दाखवायचे आणि दर दोन वाक्यांनी विचारायचे, "पटतंय ना?" मोबाइलच्या नकाशावर ते तळं त्यांनीच टाकलं, फोटोंसकट. आपल्याकडेही बघण्यासारखं आहे हे लोकांना कळावं, एवढंच त्यांना हवं होतं.

लोक आले. मग एक मुलगी रील काढताना शेवाळावरून घसरली आणि बुडाली.

काकांनी नकाशावरचे फोटो लगेच काढून टाकले, पण तोवर ते शंभर ठिकाणी पसरले होते. आता दर रविवारी ते दुकान बंद ठेवतात आणि टेकडीच्या पायवाटेवर स्टूल टाकून बसतात. परवा मी शेजारी उभा होतो. दोन पोरं वर निघाली.

"वर काही नाही रे," काका म्हणाले. "नुसता कचरा आहे."

एकाने मोबाइल पुढे धरला. "काका, हे बघा ना. झकास आहे."

फोटो काकांनीच काढलेला होता. ते त्या फोटोकडे बघत राहिले.

"ते तळं बुजवलं," ते म्हणाले. पटतंय ना, असं मात्र विचारलं नाही.