एकदाच खाल्लेली कसम

हवालदारसाहेब माझ्या टायपिंगच्या दुकानात कधी बसले नाहीत. खुर्ची पुढे केली की म्हणायचे, "खडा हूँ, ठीक हूँ. आप लिखो." आणि मी लिहीपर्यंत दारापासून कपाटापर्यंत फेऱ्या. माझंच मन थाऱ्यावर राहायचं नाही.

पुसदला त्या वर्षांत सकाळी मैदानाकडे गेला असाल, तर तुम्हीही त्यांना पाहिलंच असेल. कापसाचा भाव पार बसलेला. गावोगावची पोरं वावर सोडून भरतीच्या तयारीला यायची. त्यांच्यापुढे शिट्टी घेऊन धावणारा, साठीकडे झुकलेला बुटका माणूस, तो हाच. "अरे, क्या करून राह्यला? वो कुत्ता तेरे आगे है!" कुत्रा खरंच पुढे असायचा.

नेपाळच्या डोंगरातून येऊन त्यांनी बावीस वर्षं आपल्या फौजेत काढली. पलटणीत इकडच्या तांड्यावरचा एक स्वयंपाकी होता. त्याच्या लग्नाला पाहुणा म्हणून आले, त्याच्या बहिणीशी लग्न केलं आणि इथलेच झाले.

कागदावर मात्र नाही. शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून कुणाशी वाजलं की समोरचा म्हणायचा, "तू परदेशी, तू चूप राय." त्यांच्या बायकोला, आमच्या वहिनींना, ते फार लागायचं. त्याच त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. आमच्या घरात कॉलेज पाहिलेली मी पहिली. कुठलाही फॉर्म मला भरता येतो याचा मला गर्व होता, आजही आहे. नागरिकत्वाचा तो अर्ज मी दोन वर्षं लावून धरला. दाखले, त्रुटी, यवतमाळच्या खेपा. शेवटी तिथल्या कलेक्टर कचेरीतून बोलावणं आलं. साहेबांसमोर शपथ वाचायची, सही करायची, झालं.

हवालदारसाहेबांनी कागद मनातच वाचला आणि परत टेबलावर ठेवला.

"साहब, कसम तो मैंने खा ली है. उन्नीस की उमर में, झंडे के सामने."

"ती फौजेची. ही नागरिकत्वाची," साहेब म्हणाले.

"दूसरी बार खाऊँ, तो पहलीवाली क्या झूठी थी?"

साहेब भले होते. म्हणाले, "मी जेवून येतो. तोवर विचार करा."

व्हरांड्यात मी पेटलेच. "संविधानाचं नाव आहे त्या शपथेत. माझ्या बापाला वाचता येत नव्हतं, तरी घरात पहिलं पुस्तक त्यानं ते आणलं. आणि तुम्ही कागद परत करता?"

फेऱ्या मारता मारता ते थांबले. "मॅडम, आपने खाई है ये कसम?"

"मी कायले? मी तर इथंच जन्मले."

"हाँ. घरवालों को कोई नहीं पूछता."

वहिनी भिंतीला टेकून उभ्या होत्या. "वाचून टाका ना जी. दोन ओळी हायेत. मले त्या लोकायचं तोंड बंद करायचं हाये."

"तेरे लिए गोली के सामने जाऊँगा. ये नहीं होगा."

"गोळी कोण मागून राह्यलं तुमाले?" म्हणत वहिनींनी पदर तोंडाला लावला.

साहेब जेवून आले असतील तेव्हा आम्ही पुसदच्या गाडीत होतो.

आठ दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. रोज दारात यायचे, "अभी नाराज है," असं स्वतःशीच म्हणून निघून जायचे. नवव्या दिवशी मला हसू आलं.

शपथ नाही म्हणून अर्ज नामंजूर झाला. ते मैदानावर धावतच राहिले. भरती झालेलं पोरगं सुट्टीवर आलं की आधी विचारायचे, "कसम परेड हुई? आवाज निकला?" मग पोराची पाठ थोपटत मला म्हणायचे, "देखो मॅडम, एक बार में हो गया."

पुढच्या उन्हाळ्यात मैदानावरच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या खिडकीतल्या बाबूनं मृत्यूच्या नोंदीचा फॉर्म दिला. वहिनींनी तो माझ्याकडे सरकवला. नाव लिहिलं, वय लिहिलं, पत्ता लिहिला. पुढचा रकाना नागरिकत्वाचा. माझा हात थांबला. वहिनींना वाचता येत नव्हतं, पण मी कुठे अडले ते त्यांना बरोबर कळलं.

मी 'भारतीय' लिहिलं.

बाबूनं चष्म्यावरून पाहिलं. "पुरावा आहे?"

"नाही," मी म्हणाले आणि पेनाला टोपण लावून टाकलं.