दादाची पाखरांची वही

माझा भाऊ एक नंबरचा हेकट माणूस आहे. हे मी त्याच्या तोंडावर कितीदा सांगितलंय, तेव्हा इथं सांगायला काही हरकत नाही. मी त्याला दादा म्हणते. अडुसष्ट वर्षांचा, बिनलग्नाचा, कापडगिरणीत मागदुरुस्ती करून निवृत्त झालेला. तो वर राहतो, मी खाली. माझ्या पुढच्या खोलीत शिवणयंत्र आहे. लोकांच्या विजारी आखूड कर, कॉलर उलटव, चेन बदल, असली कामं. दिवसभर गिऱ्हाइकं येतात आणि दिवसभर माझं तोंड चालू असतं. दादाकडे कोणी येत नाही. कुणी आलंच तर पत्ता चुकलेलं.

वर्षातले पंधरा दिवस मात्र आपल्याकडे पाहुणे असतात, असं तो म्हणायचा. पाणीपुरवठ्याच्या जुन्या टाकीमागे उंच झाडांची एक रांग आहे. वसंतात त्या झाडांना पालवी फुटली की लांबच्या प्रवासाला निघालेली बारकी गाणारी पाखरं तिथं उतरतात, अळ्या खाऊन अंगात बळ आणतात आणि पुढं उत्तरेला जातात. पर्णवटवट्या म्हणतात त्यांना. अंगठ्याएवढा जीव, रंग पानाचाच. शेंड्यावर पानांत शिरला की दुर्बिणीतूनही सापडायची मारामार. म्हणून ही पाखरं कानांनी मोजायची. दादा पहाटे टाकीजवळच्या बाकावर पाऊण तास बसायचा. एक आवाज ऐकला की वहीत एक रेघ. चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी. एकतीस वर्षं! नोकरी होती तेव्हा पहिल्या पाळीच्या आधी जायचा. कधी एखादं वाट चुकलेलं, या भागात न येणारं पाखरू यायचं, त्याची नोंद लाल शाईत. अशा लाल नोंदी एकंदर तीन. त्या तीनही दिवशी कुठल्या हाताला वारा होता, हे त्याला आजही तोंडपाठ आहे.

पहिल्या वर्षी मी गेले होते बरोबर. अजिबात बोलायचं नाही, अशी अट होती. मी फक्त एवढंच म्हणाले की बाक ओला आहे. तर हा माझ्यावर असे डोळे वटारून बघायला लागला, जसं काही मी ते झाडच तोडलं. "उद्यापासून येऊ नकोस," म्हणाला. मीही काही कमी नाही. म्हटलं, "बोलावलंस तरी येणार नाही." पुढं दोन-तीन वर्षं त्यानं आपणहून विचारलं, "येतेस का?" मी ताठच राहिले. मग त्यानंही विचारणं सोडलं.

तीन वर्षांपूर्वी वहीतल्या रेघा कमी व्हायला लागल्या. आधी दोनशेच्या वर असायच्या, त्या एकशेचाळीसवर आल्या. मग त्रेसष्ट. मग एकोणीस. यंदा नऊ दिवस झाले तरी पान कोरं. दादाचं जेवण तुटलं. मी वर ताट घेऊन जायचे आणि तसंच खाली आणायचे. "अरे, दुसरीकडे उतरली असतील," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "एकतीस वर्षांत कधी नाही, आणि आताच दुसरीकडे?" मग खिडकीशी उभा राहायचा, पाठ करून.

याला कारण कोण, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. टाकीच्या आवारातला माळी. झाडांवर अळ्या फार झाल्या की माळी औषध मारतो, ते दादानं पाहिलं होतं. झालं! अळ्या मेल्या म्हणजे पाखरं उपाशी, पाखरं उपाशी म्हणजे पाखरं गेली. त्यानं पाणीपुरवठ्याच्या साहेबांना अर्ज लिहिला आणि एकतीस वर्षांचा तक्ता आपल्या मोत्यासारख्या अक्षरात जोडून दिला. एवढा तक्ता बघून साहेब चाटच पडले. माळ्याची नेमणूक वर्षावर्षानं वाढवतात. यंदा ती वाढवायची नाही, असं जवळजवळ ठरलं. सोमवारी दोघांना समोर बोलावून निकाल.

शनिवारी माळी माझ्या दारात. चाळिशीचा माणूस, हातात टोपी धरून उभा. "ताई, औषध मी फक्त खालच्या झुडपांना मारतो. उंच झाडांपर्यंत माझा पंप पोचतच नाही. तुम्ही सांगा ना त्यांना." मी म्हटलं, "माझं तो ऐकत असता तर आणखी काय हवं होतं?" आणि दार लावून घेतलं. भावाच्या बाजूनं उभं राहायचं म्हणून लावलं. पण मग कात्री हातात धरवेना. माणूस खोटं बोलत असल्यासारखा दिसत नव्हता.

म्हणून रविवारी पहाटे मी उठले, थर्मासमध्ये चहा भरला आणि जिन्यात दादाची वाट बघत उभी राहिले. तो मला बघून थबकला. "तू?" "हो, मी. तोंडाला कुलूप लावून येते, काळजी नको." बाकावर पोचल्यावर त्यानं खिशातला रुमाल काढून माझी बाजू पुसून दिली.

आम्ही बसलो. उजाडत होतं. दादा वही मांडीवर ठेवून, पेन्सिल धरून, मान जराशी वाकडी करून ऐकत होता. कोऱ्या पानाकडे बघवत नव्हतं. मी शेंड्याकडे बघत बसले आणि पाच मिनिटांत माझं डोकं उठलं. वरून सारखं काहीतरी बारीक, अणकुचीदार आवाजात किणकिणत होतं. इकडून एक, तिकडून एक, मध्येच तिसरं. मला वाटलं किडे असतील. शेवटी माझ्यानं राहवेना.

"दादा, हे काय वाजतंय रे मघापासून?"

"शू! कुठं काय वाजतंय?"

"हे काय! आत्ता. हे पुन्हा."

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला एकदम दोन वर्षांपासूनचं त्याचं गजराचं घड्याळ आठवलं. हा म्हणायचा, ते बिघडलंय, वाजत नाही. आणि ते न वाजणारं घड्याळ पहाटे पाच वाजता खाली मला उठवायचं! मी छताला झाडूनं ठोकायचे आणि मनात म्हणायचे, मुद्दाम माझा जीव खातो हा मेला. माझं बोलणं त्याला नीट ऐकू येत होतं, अगदी पुटपुटलेलंसुद्धा. मग मला कसं सुचावं?

मी फक्त बोट केलं, आवाज जिथून येत होता त्या फांदीकडे. त्यानं दुर्बीण लावली. बराच वेळ शोधलं. मग त्याचे हात थांबले.

"दिसला?" मी विचारलं.

"दिसला."

"काय करतोय?"

"चोच उघडतोय," दादा म्हणाला. "गळा हलतोय त्याचा." मग थोड्या वेळानं, दुर्बीण न काढता, "आत्ता गातोय का गं?"

"हो रे."

"आणि आत्ता?"

"आत्ताही. आणि पलीकडे अजून दोघं."

त्यानं दुर्बीण खाली ठेवली. गिरणीत चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात उभा राहिलेला माणूस. जाडे आवाज राहिले होते, बारीक तेवढे एकेक करून गेले होते आणि जाताना सांगून गेले नव्हते. मला रडू यायला लागलं. त्यानं वही माझ्या मांडीवर ठेवली, पेन्सिल हातात दिली. "रेघा मार," म्हणाला. मी मारत गेले. माझी मोजणी कुठली अचूक असायला, पण साठाच्या वर झाल्या. दादा झाडाकडे बघतच नव्हता. तो माझ्या पेन्सिलीकडे बघत होता.

संध्याकाळी मी त्याला म्हटलं, "मी जाऊन माळ्याला सांगते. तू अर्ज मागं घे, म्हण प्रकृती बरी नाही. चारचौघांत कशाला?" मला भीती वाटत होती ती वहीची. त्याच्याजवळ दुसरं होतं काय? ना बायको, ना मूल, ना मित्र. एकतीस वर्षांची ती एकच गोष्ट, आणि ती हा स्वतःच्या हातानं मोडायला निघाला होता. तो म्हणाला, "त्याच्यावर आळ मी चारचौघांत घेतला. मग हेही चारचौघांत." म्हटलं ना, हेकट.

सोमवारी साहेबांच्या खोलीत आम्ही तिघं उभे. दोन कारकून, एक शिपाई. दादानं वही टेबलावर ठेवली. "साहेब, पाखरं आहेत. मला ऐकू येत नाहीत. गेल्या चार वर्षांचे आकडे झाडांचे नाहीत, माझ्या कानांचे आहेत. या माणसाची काही चूक नाही." मग माळ्याकडे वळून त्यानं हात जोडले. माळी गडबडला, "अहो, असं नका करू, असं नका करू," म्हणत त्याचे हात धरायला लागला.

साहेब भला माणूस. त्यांनी माळ्याच्या नेमणुकीचा कागद तिथंच सही करून दिला. दादाला बसायला खुर्ची दिली. वहीची पानं उलटत राहिले. त्यांचा काही वाईट हेतू नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं.

"पण काका, ऐकणं काही एका दिवसात कमी होत नाही ना? मग त्याआधीचे आकडे? ते बरोबर आहेत, हे कोण सांगेल?"

दादानं वहीकडे बघितलं. मला वाटलं हा आता चिडेल. नाही चिडला.

"कोणी नाही सांगू शकणार, साहेब," तो म्हणाला. "तिथं मी एकटाच असायचो."

साहेबांनी वही मिटून त्याच्यापुढं सरकवली. मी, त्याची सख्खी बहीण, बाजूलाच उभी होते. आणि एकतीस वर्षांत त्या बाकावर मी बसले होते ते दोनच दिवस.