सुग्रीव मुकादमाचा दुसरा पाय

आमच्या शहादेवच्या संसारात कोयता बायको दगडाबाई चालवायची आणि मोळ्या तो बांधायचा. फडातले लोक हसायचे, पण तिची पाठ फिरल्यावर. ऊस बुडख्यातून, जमिनीला घासून तोडावा लागतो. उभा जन्म त्यात गेल्यानं तिचा हात तसाच घडलेला. भांडण कुणाशीही असो, घाव नडगीवर. शहादेवची धोतरातली चाल बघा, म्हणजे कळेल.

तर गेल्या हंगामात सुग्रीव मुकादमानं तापानं फणफणलेल्या एका तोडणीवालीला खाडा केला म्हणून पट्ट्यानं फोडलं. लुगडं पाठीच्या कातड्याला चिकटलं. दगडाबाईची शिकलेली लेक वर्षाराणी बायांचा मोर्चा घेऊन ठाण्यावर गेली. मुकादमावर गुन्हा नोंदवा, एवढंच मागणं. पोलिसांनी लाठ्या नोंदवल्या. कुणाचं मनगट गेलं, कुणाचं डोकं. वर्षाराणीला केसांना धरून फरफटत नेलं, तेव्हा मुकादम बाजूला उभा राहून दात काढत होता. दगडाबाईनं रस्त्यात पडलेली लाठी उचलली आणि त्याची डावी नडगी मोडली. तो आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं.

गुन्हा मात्र लेकीच्या नावावर. पुढारी तीच ना.

नवराबायको तुरुंगात भेटीला गेले, तर पोरीचा एक डोळा सुजून मिटलेला, दोन बोटं वाकडी. बराकीत मुकादमाच्या नात्यातली एक कैदी बाई होती, तीच रोज मारायची. शहादेव घरी आला आणि भाकरीला शिवेना.

"जीव घेतील वं पोरीचा."

"रडू नका. मी बघते."

दगडाबाई ठाण्यात गेली. "सायेब, पाय मी मोडलाय. तिला सोडा, मला घ्या."

फौजदार म्हणाला, "मावशे, घरी जा. आमाला पोरगी पायजेल, तू न्हाई."

पाटोद्याच्या बाजारात मुकादम काठी टेकत आला, तेव्हा मी समोरच चहा पीत होतो. दगडाबाईनं शेळ्यांच्या दावणीचा खुंटा उपटला. तो म्हणाला, "काय गं दगडे, पोरगी खुशाल हाय का?" ती वाकली आणि उजव्या पायावर घातला. हाड कातडं फाडून बाहेर आलं, टोमॅटोच्या ढिगावर रक्त उडालं. लोक पळाले. ती तिथंच मांडी घालून बसली. "बोलवा पोलिसांना. मी कुठं जात न्हाई."

आता बायांची बराक एकच. मायलेकी शेजारी शेजारी.

परवा शहादेव भेटून आला. म्हटलं, "काय बे, घर मोकळं झालं, मजा हाय तुझी."

तो हसला नाही. "वर्षी लई चिडलीय. म्हणती, आईनं मोर्चावर पाणी फिरवलं. वकील म्हणतो, जामीन लांबला."

"आन दगडाबाई काय म्हणती?"

"म्हणती, लांबू द्या. पोरगी आता झोपती, मी जागी ऱ्हाते."