पॅकिंगमधल्या उज्वलाताई लेथवर गेल्या तेव्हा

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. म्हणजे अजून आहे, मी तिथून निघालो नाही, स्टोअरच्या खिडकीत बसतो. मालक कुंदन देवरे, मूळचे सटाण्याकडचे, घरचा कांद्याचा धंदा सोडून लोखंडात आलेले. आम्ही पोलादी बुश बनवायचो. बुश म्हणजे आतून पोकळ, गुळगुळीत नळी, फिरणाऱ्या दांड्याला धरून ठेवणारी. एक मोठा कंत्राटदार त्या घ्यायचा आणि लष्करी वाहनांच्या कारखान्याला द्यायचा. त्यामुळे आमच्या गेटवर तिरंगा बारा महिने असे, आणि मालकांच्या बोलण्यात देश दर तिसऱ्या वाक्याला येई.

उज्वला पगारे पॅकिंगला होत्या. एकवीस वर्षं. बुशांच्या कडेची कूस, म्हणजे कापताना राहिलेली धारदार किनार, काढायची, तेल लावायचं, कागदात गुंडाळायचं, खोक्यात रचायचं. सातपूरच्या एका बुद्ध विहारामागच्या वस्तीत त्या राहायच्या, नवरा महापालिकेत माळी, मुलगी आरोही नर्सिंग शिकत होती. आयटीआयमधून टर्नरचा, म्हणजे लेथवर लोखंड कातण्याचा, दोन वर्षांचा कोर्स पहिल्या वर्गात पास होऊन त्या आमच्याकडे आल्या, तेव्हा त्यांना सांगण्यात आलं की मशीनच्या बाजूला लेडीज टॉयलेट नाही, म्हणून सध्या पॅकिंगला बसा. हे ‘सध्या’ एकवीस वर्षं चाललं. मध्ये त्यांनी रविवारचा सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथचा, कोर्सही स्वतःच्या खर्चाने केला. सुपरवायझर वाल्मीक आहेर त्यावर हसून म्हणाला होता की ताई, खोक्यावर प्रोग्रॅम चालवणार का.

गेल्या वर्षी मे महिन्यात सीमेवर पेटलं. बुधवारी गावात सायरनची तालीम झाली, आणि गुरुवारी सकाळी आमच्याकडे सहा ऑपरेटरांपैकी एकही नव्हता. तिघे गोरखपूरकडचे, त्यांना गावाकडून फोन आले होते की युद्ध सुरू झालंय, निघून या. गोरखपूर त्या सीमेपासून फार लांब आहे हे त्यांना कोणी सांगितलं नाही. दोघांची घरची लग्नं होती, ती युद्धाने पुढे ढकलली नव्हती. सहावा सनी, आमच्याच सिडकोतला. रोज सकाळी शत्रूला धडा शिकवणारे चार-चार मेसेज ग्रुपवर टाकायचा. त्याची कंबर धरली होती. मेसेज मात्र घरून चालू होते.

त्याच दिवशी कंत्राटदाराचं पत्र आलं: दुप्पट माल, महिन्याच्या आत.

मालक मशीनकडे बघत उभे राहिले. वाल्मीकने इकडून तिकडून माणसं मागवली, पण सगळ्यांकडे तीच बोंब होती. पॅकिंगच्या टेबलावरून उज्वलाताई उठल्या, ओढणी कमरेला खोचली आणि मालकांसमोर आल्या.

“मी लावते पहिलं मशीन. दुसऱ्यावर राखीला शिकवते.”

“ताई, हे काम बायकांचं नाही,” वाल्मीक म्हणाला.

“मग पुरुष बोलवा.”

वाल्मीककडे पुरुष नव्हते. मालकांनी साहेबांच्या टॉयलेटची किल्ली काढून ताईंच्या हातात दिली. एकवीस वर्षं जे बांधून होत नव्हतं, ते पाच मिनिटांत उघडलं. मी ते खिडकीतून पाहिलं आणि मान खाली घालून पावत्या लावत बसलो.

राखी पॅकिंगलाच, तीस वर्षांची, हुशार, पण मशीनला घाबरणारी. तिसऱ्या मशीनवर नवसाबाई उभी राहिली. पेठकडची, पंचावन्नची, आजवर झाडलोट करणारी. ताईंनी तिला फक्त जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, चकच्या फिरत्या जबड्यात पकडायचा, दार लावायचं, बटण दाबायचं एवढंच दिलं, आणि मोजमाप स्वतःकडे ठेवलं. नवसाबाई म्हणाली, “झाडू फिरवायचा तं हाही फिरतोच.” पहिल्या दिवशी तिघींनी मिळून सदतीस बुश काढले, त्यातले नऊ फुकट गेले. वाल्मीकने ते नऊ एका ट्रेमध्ये ठेवून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवले. दुसऱ्या दिवशी फुकट गेले दोन, आणि तो ट्रे कुठेतरी गेला.

शनिवारी संध्याकाळी युद्ध थांबल्याची बातमी आली. ताईंचं सुरू होऊन दोन दिवस झाले होते. मालकांनी टीव्ही बंद केला आणि सांगितलं की ऑर्डर थांबलेली नाही, म्हणजे आपल्या दृष्टीने युद्ध चालू आहे. सोमवारी बुद्धपौर्णिमा. ताईंनी सुट्टी मागितली, तर मालकांनी देशाची आठवण करून दिली. त्या पहाटे विहारात वंदना करून, खिरीचा डबा घेऊन कामावर आल्या. खीर सगळ्यांनी खाल्ली, वाल्मीकने दोनदा.

पुढच्याच आठवड्यात ती भानगड झाली. ऑपरेटर जाण्याआधी सहाशे बुशांची एक खेप करून गेले होते, ती पाठवायच्या तयारीत होती. मशीन सांभाळून खोकी भरायला हात लावताना ताईंनी सवयीने एक बुश हातात फिरवला, आणि गेज आणून मोजला. आतलं भोक केसाच्या जाडीच्या पावपट मोठं होतं. दुसरा मोजला, तिसरा मोजला. तेच. टूल झिजलं होतं आणि कोणी ते बदललं नव्हतं. तपासणीच्या कागदावर मात्र सनीची सही होती, सहाशेच्या सहाशे बरोबर.

ताईंनी खोकी थांबवली. वाल्मीक धावत आला.

“गाडी उभी आहे. देशाला माल हवाय, ताई, आणि तुम्ही इथे केस मोजताय.”

“हा माल देशाला नकोय,” ताई म्हणाल्या. “घाट चढताना गाडीतला दांडा हलायला लागला तर आतल्या माणसाला सनीची सही दाखवणार का?”

वाल्मीक मालकांकडे गेला. मालकांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं आणि बराच वेळ समजावलं. ही वेळ चुका काढायची नाही, एवढं सगळेच पाठवतात, आणि ताई तर मुळात पॅकिंगच्या. ताई ऐकून घेऊन बाहेर आल्या आणि प्रत्येक खोक्यावर लाल खडूने फुली मारली. फुली मारलेली खोकी गाडीत भरायला हमालांनी नकार दिला. मी माल बाहेर काढायची नोंद करणारा माणूस. मीही नोंद केली नाही. माझ्या आयुष्यातलं धाडस म्हणाल तर तेवढंच.

चार दिवसांनी कंत्राटदाराचा तपासनीस आला. सहाशेची खेप त्याने मोजली आणि बाजूला सारली. मग ताईंच्या मशीनवरचे शंभर मोजले, सगळे मापात बसले. त्याने विचारलं, ऑपरेटर कोण. मालक पुढे होऊन म्हणाले, “आमची टीम.”

जूनच्या पहिल्या आठवड्यात सत्कार झाला. आवारात मांडव, फ्लेक्सवर ‘रणरागिणींना मानाचा मुजरा’, खाली मालकांचा मोठा फोटो, आणि कोपऱ्यात तिघींची नावं. त्यात ताईंचं आडनाव पवार. प्रमुख पाहुणे, पुढल्या निवडणुकीसाठी तयारीत असलेले एक गृहस्थ, चाळीस मिनिटं बोलले. पोळी लाटणाऱ्या हातांनी पोलाद लाटलं, असं ते म्हणाले, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. बुश लाटून होत नाहीत हे तिथे फक्त तिघींना माहीत होतं. साडी, नारळ, फोटो. फोटोसाठी ताईंना मशीनपाशी डोक्यावर पदर घेऊन उभं केलं, त्या रोज ड्रेसवर असायच्या, म्हणून सत्काराची साडीच ड्रेसवरून गुंडाळली. दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा ताई म्हणाल्या, “सकाळपासून तिन्ही मशीन बंद आहेत. आटपलं असेल तर जाते.” ते कोणी छापलं नाही.

पंधरवड्यात ऑपरेटर परतले. सनीची कंबरही बरी झाली. वाल्मीकने ताईंना हसतमुखाने सांगितलं की आता विश्रांती घ्या, फार केलंत. किल्ली परत घेतली. राखीला हायसं वाटलं, हे खोटं कशाला बोलू. तिला मशीनचा आवाज सहन होत नव्हता, ती पॅकिंगला आनंदाने गेली. नवसाबाईने झाडू उचलला, पण तिसऱ्या मशीनभोवतीची जागा ती रोज दोनदा झाडू लागली.

ताई केबिनमध्ये गेल्या. त्यांनी एकच मागितलं: कागदावर टर्नर लिहा. मालक कळवळून म्हणाले की तुमचा आम्ही सत्कार केला, अजून काय करायचं, आणि तुम्हाला दिलं तर उद्या सगळ्या मागतील.

“सगळ्या मागतील म्हणून तर मी मागतेय,” ताई म्हणाल्या.

मालकांनी विचार करतो म्हटलं. ताईंनी महिनाभर वाट पाहिली, मग राजीनामा दिला. वाल्मीक सगळ्यांना सांगत फिरला की सत्काराने बाई डोक्यावर चढली.

आता त्या सिन्नरजवळच्या एका छोट्या शेडमध्ये आहेत. दोन बस बदलून जातात. मशीन जुनं, पत्रे तापतात, पहिले सहा महिने पगार इथल्यापेक्षा कमी होता. ओळखपत्रावर टर्नर लिहिलंय. मागच्या महिन्यात आमच्या बुशांची एक खेप परत आली, तेव्हा मालकांनी मला ड्रॉइंग घेऊन त्यांच्याकडे पाठवलं, बाहेरून काम करून देतात का बघ म्हणून. ताईंनी हात पुसले, ड्रॉइंग उजेडात धरून वाचलं, आणि मला चहा मागवला. आधीची कामं आहेत, गुरुवारनंतर बघू, म्हणाल्या. मग नवसाबाईचे गुडघे कसे आहेत ते विचारलं.

परत येऊन मी मालकांना गुरुवार सांगितला. ते म्हणाले, आपणच वर आणलेली माणसं.