आयसेलकाठी जागा धरायला गेलो, तेव्हा…

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचतेय. आणि खरं सांगायचं तर खाली खवचट प्रतिक्रिया देणाऱ्यांपैकी मी एक आहे. 'झोप कमी झाली असेल', 'मांजर असेल', 'बीपी तपासून घ्या'... हे सगळं मीच लिहिलेलं आहे. त्यामुळे आता माझ्या अनुभवाखाली तुम्ही तेच लिहिलंत तर माझी तक्रार नाही. उलट कुणी पटेल असं काही सुचवलंत तर उपकारच होतील.

आम्ही आमर्सफोर्ट या डच गावात राहतो. नवरा अनिकेत आयटीत, ऑफिस स्लोटरडाइकला. मी लग्नानंतर डिपेंडंट म्हणून आले, सुरुवातीची दोन वर्षं भिंतींशी बोलण्यात घालवली, आणि मग घरूनच कपडे शिवून द्यायला लागले. त्यातूनच आमच्या दोन घरं पलीकडे राहणारी मरायके ओळखीची झाली. साठीची बाई, शाळेतून रिटायर झालेली. एक दिवस हातात जाडाभरडा लिननचा झगा घेऊन आली आणि म्हणाली, याची खालची दुमड हातानेच शिवायची, मशीनचा टाका दिसता कामा नये. का, तर ती आणि तिचा ग्रुप वर्षातून काही वेळा मध्ययुगातल्यासारखे कपडे घालून, तसेच तंबू ठोकून, चुलीवर स्वयंपाक करून चार दिवस रानात राहतात. तलवारबाजी, धनुष्यबाण, लोहार, सगळं. आधी मला हसू आलं. मग त्यांच्या सगळ्यांचे कपडे शिवता शिवता आम्हीच त्यांच्यात कधी सामील झालो, कळलंच नाही. आमच्या लेकीला, मिहिकाला तर तंबू म्हणजे स्वर्ग.

तर ही गोष्ट गेल्या सप्टेंबरातली. झुत्फेनच्या पुढे, आयसेल नदीच्या काठाला एक मोठं गवताळ रान आहे. मेळावा तिथे असतो. गावाचं नाव मुद्दाम देत नाही, माणसं चांगली आहेत, उगाच बभ्रा नको. प्रत्येक ग्रुपला ठरावीक मापाची जागा मिळते, पण कुठली, ते आधी येईल त्याचं. खुंट्या ठोकायच्या, दोरी बांधायची, झाली जागा तुमची. आमच्या ग्रुपच्या नशिबी दर वर्षी टॉयलेट्सच्या शेजारची जागा यायची, कारण ही मंडळी आरामात कॉफी पिऊन निघणार. अनिकेत म्हणाला, "यंदा आम्ही जातो पहाटे. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरलेली माणसं आहोत आम्ही." रुमालाचं त्यांना काही झेपलं नाही, पण मरायके खूश झाली. पुढे जाऊन मुक्कामाची जागा धरणाऱ्याला डचमध्ये क्वार्टीरमाकर म्हणतात. तिने आम्हाला तसं जाहीरच करून टाकलं. मिहिका तिच्याकडे राहणार, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटली की सगळ्यांबरोबर येणार असं ठरलं.

आता यातली खरी भानगड सांगते, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. त्या आठवड्यात आम्ही एकमेकांशी धड बोलत नव्हतो. अनिकेतला एक घर आवडलं होतं. आमची ऑफर स्वीकारली गेली होती, आणि आम्ही कॉन्ट्रॅक्टवर सही करणार की नाही, हे माकेलारला, म्हणजे एजंटला, जागा धरायला जायच्या दिवशीच कळवायचं होतं. मला घर नको होतं. आम्ही 'पाच वर्षं राहू आणि परत जाऊ' असं म्हणून आलो होतो. बाबा गेल्यापासून आई चिंचवडच्या फ्लॅटमध्ये एकटी आहे. मिहिकाला मराठीत विचारलं की ती डचमध्ये उत्तर देते. अनिकेतचं म्हणणं, तिचं सगळं इथेच आहे, आता तिला उपटून नेणार का? दोघांचंही खरं. म्हणूनच ते भांडण संपत नव्हतं.

पोचलो तेव्हा नुकतं उजाडत होतं. रानावर धुकं असं दाट, की पायाखालचं गवत सोडून काही दिसेना. गेटवर नारिंगी जॅकेटमधला योस्ट नावाचा स्वयंसेवक होता. "तुम्ही पहिलेच!" म्हणाला. गाड्या आत न्यायला बंदी, सामान पार्किंगमधून हाताने आणायचं. मी दोरी, खुंट्यांची पिशवी आणि लाकडी हातोडा घेतला, आणि अनिकेतकडे न बघताच म्हणाले, "तू सामान काढ. मी जागा बघते."

लिंडनच्या झाडांची एक रांग आहे, जवळच पाण्याचा नळ. जागा म्हणजे अगदी हीच! मी पहिली खुंटी ठोकली, दोरी बांधली, आणि आता दुसरं टोक कुणी धरायचं म्हणून मागे वळले, तर अनिकेत आलेलाच होता. निळं जॅकेट, हुड डोक्यावर. मी दोरीचं टोक आणि काही खुंट्या पुढे केल्या, त्याने त्या घेतल्या आणि धुक्यात चालत गेला. चेहरा नीट पाहिला का? नाही पाहिला. भांडलेलं माणूस पाहतं का?

दोरी सरसरत गेली आणि ताठ झाली.

"धरलीस?" मी ओरडले.

"धरली."

"थोडा मागे जा अजून."

"हं."

आवाज अनिकेतचा. त्यात मला आजही शंका नाही. अशा आम्ही एकेक करून बाजू आखत गेलो. मी या टोकाला, तो त्या टोकाला, मध्ये नुसतं पांढरं. आणि का कोण जाणे, तो दिसत नव्हता म्हणून असेल, मला एकदम बोलावंसं वाटलं. घरात समोरासमोर आम्ही दोन वाक्यांत वादावर यायचो. इथे मी दोरी हातात धरून म्हणाले, "अनिकेत, मला ते घर नकोय रे. मला इथे म्हातारं व्हायचं नाहीये. मला आईकडे जायचंय."

मी वाट बघितली. दोरी मात्र ताठ होती. पलीकडे कुणीतरी उभं आहे, श्वास घेतंय, हे हाताला कळत होतं.

मग तो म्हणाला, "बरं."

बस, एवढंच. पण ते 'बरं' कसं होतं म्हणून सांगू... त्यात चीड नव्हती, उपकार केल्याचा सूर नव्हता. नीट ऐकून, समजून म्हटलेलं 'बरं'. मी तिथेच गवतात बसले आणि रडले. दोरी सैल पडली. तो उरलेलं सामान आणायला गेला असेल असं मी धरून चालले.

थोड्या वेळाने अनिकेत ट्रॉली ओढत आला. हुड मागे, चेहरा उजळलेला. आठवडाभरात तो असा दिसला नव्हता. मला म्हणाला, "थँक यू, मुग्धा."

"मीच म्हणायला हवं ते," मी म्हणाले.

आम्ही थर्मासमधला चहा प्यायलो. तो म्हणाला, "मग माकेलारला मेसेज टाकून देतो."

"टाक," मी म्हणाले. मला वाटलं, नकार कळवतोय. त्याने टाकला. मीही आईला लिहिलं, 'आम्ही परत येतोय. अनिकेत हो म्हणाला.'

मिनिटभरात आईचा व्हिडिओ कॉल. "अगं, खरंच? अनिकेतराव तयार झाले? कधी येताय?" बोलता बोलता ती उठलीसुद्धा. "मी ती आतली खोली रिकामी करून घेते. मिहिकाला शाळा..."

अनिकेतचा कप हातातच राहिला. मी कसाबसा फोन बंद केला.

"कोण परत जातंय?" त्याने विचारलं.

"आपण. आत्ता तूच 'बरं' म्हणालास ना?"

"मी कधी म्हणालो? मी आत्ता होकार कळवला, मुग्धा! तू म्हणालीस सही कर म्हणून!"

"मी? कुठे?"

"अगं, काठी आणताना!"

पुढची दहा-पंधरा मिनिटं आम्ही एकमेकांना खोटं ठरवत होतो. मला वाटलं, माणूस इतक्या खालच्या थराला जाऊ शकतो? त्यालाही माझ्याबद्दल तेच वाटत असणार. त्याचं म्हणणं असं — मी पार्किंगमध्ये परत आले. मुख्य तंबूची आडवी काठी आहे ना, जी एकट्याला उचलतच नाही, तिचं पुढचं टोक मी धरलं, मागचं त्याने. चालता चालता त्याने विचारलं, "सही करू ना?" आणि मी मागे न बघता म्हणाले, "कर. इथेच राहू या." झाडांजवळ काठी ठेवली, "दोरी बघून येते" म्हणाले आणि धुक्यात गेले.

"अनिकेत, मी इथून हललेच नाहीये. तू माझ्याबरोबर दोरी धरत होतास."

"मी दोरीला हातसुद्धा लावलेला नाही."

तेवढ्यात योस्ट आला. जागेचं माप बरोबर आहे का, हे बघायला. आम्ही काही विचारायच्या आधीच म्हणाला, "ती लांब काठी दोघांनी छान आणलीत. मी मदतीला येणारच होतो."

मी म्हणाले, "मी नव्हते ती."

तो हसला. "पिवळं जॅकेट. अजून कुणी आलेलंच नाही इथे."

पिवळं जॅकेट माझ्या अंगावर होतं. काठी झाडांखाली पडलेली होती. मी ती आत्ता पहिल्यांदा पाहत होते.

योस्ट गेल्यावर आम्ही दोरीच्या बाजूने चालत पलीकडच्या कोपऱ्यांपर्यंत गेलो. धुकं आता विरळ झालं होतं. तिकडच्या खुंट्या पार डोक्यापर्यंत जमिनीत गेलेल्या होत्या. दोरी व्यवस्थित बांधलेली. हातोडा पूर्ण वेळ माझ्याकडे होता. अनिकेतने एक खुंटी उपटून बघायचा प्रयत्न केला, ती हललीसुद्धा नाही. तो उठला, हाताची माती पुसली, आणि माझ्या दंडाला धरून उभा राहिला. मी खरी आहे का, हे बघत असल्यासारखा.

आम्ही जागा सोडून पळून वगैरे गेलो नाही. सांगणार काय होतो सगळ्यांना? दुसऱ्या दिवशी मंडळी आली, झाडांखालची जागा बघून मरायकेने आम्हाला मिठ्या मारल्या. चार दिवस कुणालाही काहीही झालं नाही. मिहिका दिवसभर धनुष्य घेऊन हुंदडत होती. मी मात्र कुणी पाठीमागून आलं की दचकत होते, आणि अनिकेत माझ्याशी बोलताना आधी माझ्यासमोर येऊन उभा राहायचा. शेवटच्या दिवशी मी मरायकेला सगळं सांगितलं. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "नदीकाठी धुक्यात आवाज लांबून येतात. पलीकडच्या काठावर कुणी असेल." पलीकडच्या काठावर मराठी बोलणारं? मी विचारलं. ती म्हणाली, "काठीचं मला काही सांगता येत नाही."

घराचं म्हणाल, तर अनिकेतने त्याच दुपारी माकेलारला फोन करून होकार मागे घेतला. सही झालेली नव्हती म्हणून सुटलो. घर दुसऱ्या कुणीतरी घेतलं. आईलाही मी सांगितलं की अजून काही नक्की नाही. ती "बरं बाई" म्हणाली, आणि त्यानंतर तिने तो विषय काढलेला नाही. ते सगळ्यात वाईट वाटतं. आम्ही भाड्याच्याच घरात आहोत. जायचं की राहायचं, ते अजून ठरलेलं नाही.

सगळी उत्तरं मी स्वतःला देऊन पाहिली आहेत. झोप कमी, ताण, धुकं, ऐकायचं तेच ऐकू येणं. एका माणसाला भास झाला म्हणता येईल. दोघांना एकाच वेळी, वेगवेगळे, आणि वर योस्टला? आणि भास काठी उचलतो का?

पण खरं सांगू का, रात्र रात्र जागं ठेवतं ते हे नाही. एकदा मी अनिकेतला विचारलं, "ती 'इथेच राहू या' म्हणाली, ते कसं म्हणाली?" त्याने हातातला फोन बाजूला ठेवला. मग म्हणाला, "हसत म्हणालीस. मनापासून." आणि उठून गेला. अधूनमधून तो माझ्याकडे बघतो, मी काही बोलणार याची वाट बघितल्यासारखा, आणि मग नजर काढून घेतो. मी त्याला दोष देत नाही. तसं 'बरं' मला घरात आजपर्यंत ऐकायला मिळालेलं नाही, आणि मीही कान लावून असतेच.

गेल्या रविवारी मरायकेकडे यंदाच्या मेळाव्याची मीटिंग होती. तिने विचारलं, "या वर्षी पुढे कोण जाणार?" बाकीचे एकमेकांकडे बघायला लागले. मी मान खाली घालून हातातली शिवण बघत होते.

"आम्ही जातो," अनिकेत आणि मी एकाच वेळी म्हणालो.