शिंगाड्याच्या तलावावर पुसलेला फोटो

एकटीनं जायचं ठरवलं तेव्हा लेक म्हणाली, "आई, वेड लागलंय का?" ह्यांना जाऊन वर्षही झालं नव्हतं. सकाळी दोन कप चहा टाकायची सवय जाता जाईना, म्हणून मी सरळ पिशवी भरली.

नागपूरहून भंडाऱ्याला जाताना शहापूरला हायवेवर तर्री-पोहे खाऊन घ्या. पुढे पवनीवरून लाखांदूरची एसटी मिळते. आम्हा बायकांना अर्धं तिकीट. शेजारची सीट रिकामी होती. मी तिच्यावर पिशवी ठेवली, आणि का कोण जाणे, उचलून परत मांडीवर घेतली.

दुतर्फा धानाची शेतं, मध्येच एक मोठा तलाव दिसला आणि मी उतरले. डोंग्यातून शिंगाडे काढणं चाललं होतं. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजातली एक बाई मोठ्या गंजात ते उकडत होती.

"एकट्याच आल्या काय जी? मालक नाही आले?"

"ते उन्हाळ्यात गेले."

तिचा हात थांबला. "माहा मालकबी पावसाळ्यात गेला," ती म्हणाली. "बसा."

तिनं पळसाच्या पानावर शिंगाडे दिले. मी शहाणीनं एक सालासकट चावला. काळं पाणी हनुवटीवर ओघळलं.

"अवो बाई, सोलून खातेत नं!"

ती हसली, मग मीही. दोघींचं हसू थांबेचना. "फोटो काढू आपला?" मी विचारलं.

"काढा नं."

फाट्यावर एसटीची वाट पाहत मी तो फोटो पुन्हा पुन्हा पाहत होते. ह्यांच्यानंतर मी एकटी नसलेला तेवढाच एक फोटो. तेवढ्यात ती धापा टाकत आली.

"तो मिटवा जी. वर्स नाही झालं अजून. मी हासून राहिली, असं कोणी पाहिलं तं सासरचे मले तलावावर येऊ नाही देणार."

"मी कुणाला दाखवणार नाही."

"तुमच्यावर भरोसा हाये. मोबाइलवर नाही."

खरं सांगते, रागच आला. विचारूनच तर काढला होता! पण फोटो माझा एकटीचा नव्हता, आणि भोगायचं होतं तिला. तिच्यासमोर पुसला, कचरापेटीतूनही काढून टाकला.

"याबद्दल लिहू का?"

"लिहा. माहं नाव नोको, गावबी नोको."

म्हणून गाव विचारू नका. त्या वाटेला तलाव पुष्कळ आहेत.

घरी आल्यावर लेकीला तलावाचे, शेतांचे उरलेले फोटो पाठवले. "यात माणूसच नाही गं कुणी. फार एकटं वाटलं का?" तिनं विचारलं. वाटलं, अजूनही वाटतं. सकाळी एकच कप चहा टाकला, तेव्हा बोटांवर शिंगाड्यांचे काळे डाग तसेच होते.

माझ्या सासरची मंडळी हा ब्लॉग वाचतात. त्यांना तिचं नाव कळणार नाही. माझं ठाऊकच आहे: वर्ष व्हायच्या आत मी त्या पाळीवर पोट धरून हसले.