साहेबांचा बूट

फिट येते हे खरं सांगितल्यामुळे माझ्या दोन नोकऱ्या हुकल्या होत्या. म्हणून लखनौच्या प्रयोगशाळेत मी तोंड उघडलंच नाही. थोड्याच दिवसांत तिथे कामावर असताना फिट आली. शुद्धीवर आले, तर शिपाई भैया माझ्या नाकाशी चामड्याचा बूट धरून बसलेले. ‘‘सूंघिए बिटिया, सूंघिए!’’

बूट हुंगवला की फिट जाते म्हणे! काय हा खुळचटपणा! मी संतापून तो ढकलला. आता नोकरी गेलीच, असं वाटून वर पाहिलं. आमचे कडक साहेब एका पायात बूट आणि दुसऱ्यात नुसता मोजा, असे उभे होते.

‘‘आराम कीजिए,’’ ते म्हणाले. ‘‘बस, जूता लौटा दीजिए. और कल वक्त पर आइएगा.’’